काळी माती फुगते, वाळू का फुगत नाही? सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तर दोन्हींत आहेत

पूर्णाकाठ (ता. दर्यापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. माझी शेती पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. पुतणी अकरावी विज्ञानाला असून तिच्या पुस्तकातील रासायनिक बंधांचे प्रकरण तिच्यासोबत वाचताना एक शंका आली. तिचे समाधान पुस्तकात सापडले नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

पदार्थाचे गुणधर्म त्याच्यातील बंधांवर अवलंबून असतात, असे पुस्तक सांगते. वाळूत सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे सहसंयुज बंध असतात, ते बळकट असतात, म्हणून वाळू कठीण असते आणि पाण्याने तिच्यात काही फरक पडत नाही. येथपर्यंत पटते. परंतु आमच्या काळ्या जमिनीतील चिकणमातीही मुख्यतः सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचीच बनलेली असते, असे म्हणतात. मग हीच माती पावसाळ्यात फुगून वखराला चिकटते, आणि एप्रिल-मे महिन्यांत तिला अशा भेगा पडतात की उभी काठी हातभर सहज आत जाते, हे कसे? पुन्हा, याच मातीची वीट भाजली की ती वर्षानुवर्षे पावसात राहूनही फुगत नाही.

दुसरी शंका व्यवहाराची आहे. जमीन चोपण (पाणी न मुरणारी, वाळल्यावर कडक होणारी) होत चालली असल्याने जिप्सम टाका, त्यातील कॅल्शियममुळे माती सुधारेल, असा सल्ला मिळतो. आमच्या शेतात वखर फिरवला की चुनखडीचे खडे वर येतात, म्हणजे कॅल्शियम तर जमिनीत मुबलक आहे. मग विकतचे कॅल्शियम टाकून वेगळे काय साधणार?

रसायनाचा मास्तर (कनिष्ठ महाविद्यालय, अकोला जिल्हा)

भाऊ, आपण अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. अकरावीच्या पुस्तकात बंधांचे प्रकार शिकवले जातात, पण ते बंध कोणत्या दिशांना पसरले आहेत आणि कोठे थांबले आहेत हे फारसे शिकवले जात नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर नेमके तेथेच आहे.

वाळूतील क्वार्ट्झमध्ये प्रत्येक सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन असतात आणि त्यांतील प्रत्येक ऑक्सिजन शेजारच्या दुसऱ्या सिलिकॉनशीही जोडलेला असतो. ही जोडणी लांबी, रुंदी आणि उंची अशा तिन्ही दिशांना अखंड चालत राहते. त्यामुळे वाळूचा कण म्हणजे एकच सलग जाळे असते. त्यात पाण्याच्या रेणूला शिरायला फट नसते, आणि तो कण फोडायचा तर बळकट बंधच तोडावे लागतात.

चिकणमातीतही सिलिकॉन-ऑक्सिजनचे हेच चतुष्फलक (मध्ये सिलिकॉन आणि चार कोपऱ्यांवर ऑक्सिजन) असतात आणि त्यांचे बंधही तेवढेच बळकट असतात. परंतु येथे प्रत्येक चतुष्फलकाचे तीनच कोपरे शेजाऱ्यांशी जोडले जातात, म्हणून जाळे दोनच दिशांना पसरते आणि त्याचा पातळ पत्रा तयार होतो. चौथा कोपरा ॲल्युमिनियमच्या अष्टफलकांच्या पत्र्याला जोडला जातो. काळ्या मातीतील प्रमुख खनिज माँटमोरिलोनाइट होय. त्यात मध्ये ॲल्युमिनियमचा एक पत्रा आणि त्याच्या वर-खाली सिलिकॉनचे दोन पत्रे असा तिहेरी थर असतो. या थराची जाडी एक नॅनोमीटरच्याही किंचित आतच, सुमारे ०.९६ नॅनोमीटर भरते. असे थर एकावर एक रचले की मातीचा कण तयार होतो. थराच्या आत बंध भक्कम आहेत, पण थर आणि थर यांच्यामध्ये सहसंयुज बंध एकही नाही. भाकरींच्या चळतीत भाकर शाबूत राहते आणि चळत सरकते, तसाच हा प्रकार आहे. माती फुगते तेव्हा सिलिकॉन-ऑक्सिजनचा एकही बंध तुटत नाही. पाणी केवळ दोन थरांच्या मध्ये जाऊन बसते.

आता पाणी तेथे का जाते ते पाहू. मधल्या पत्र्यातील काही ॲल्युमिनियमच्या जागा, खनिज तयार होत असतानाच, मॅग्नेशियमने घेतलेल्या असतात. ॲल्युमिनियमवर तीन धन प्रभार असतात आणि मॅग्नेशियमवर दोन, म्हणून अशा प्रत्येक अदलाबदलीमागे थरावर एक ऋण प्रभार शिल्लक राहतो, आणि तो कायमचा असतो. त्याचा तोल सांभाळण्यासाठी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे धन आयन थरांच्या मधल्या फटीत येऊन राहतात. या आयनांना पाण्याची ओढ मोठी. पाऊस पडला की पाण्याचे रेणू त्यांच्याभोवती गोळा होतात आणि थर एकमेकांपासून दूर सरकतात. हे अंतर टप्प्याटप्प्याने वाढते: पाण्याचा एक थर शिरला की ०.९६ वरून सुमारे १.२५ नॅनोमीटर, दुसरा शिरला की सुमारे १.५५. उन्हाळ्यात हेच पाणी निघून गेले की थर जवळ येतात, माती आक्रसते आणि आपली काठी आत जाते.

फुगणे हे प्रत्येक चिकणमातीच्या नशिबी नसते, हेही येथे सांगितले पाहिजे. आपल्याच विदर्भाच्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाच्या भातपट्ट्यात, काळी माती ज्यापासून होते त्या बेसाल्ट खडकाऐवजी जुने ग्रॅनाइट-नाइस खडक झिजून झालेल्या लालसर-पिवळ्या जमिनी आहेत. त्यांच्यात केओलिनाइटचा वाटा मोठा असतो. त्याचा थर दुहेरी असतो: एका अंगाला ऑक्सिजन आणि दुसऱ्या अंगाला हायड्रॉक्सिल गट. एका थराचे हायड्रॉक्सिल वरच्या थराच्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंधाने बांधले जातात. एकेक हायड्रोजन बंध सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधापुढे अगदीच दुबळा असतो, पण संपूर्ण पृष्ठभागावर ते इतके दाट असतात की थरांमध्ये पाणी शिरू शकत नाही. थरांचे अंतर सुमारे ०.७२ नॅनोमीटरवर कायम राहते आणि ती माती ओली झाली तरी फारशी फुगत नाही. अभ्रकात तिसरीच तऱ्हा दिसते. तेथे थरांवरील ऋण प्रभार पुष्कळ जास्त आणि पृष्ठभागाच्या जवळ असतो, आणि पोटॅशियमचा आयन थरांवरील षटकोनी खळग्यात नेमका बसतो. त्यामुळे अभ्रकाचे पापुद्रे नखाने सुटतात, पण ते पाण्याने फुगत नाहीत. लायनस पॉलिंग यांनी अभ्रकाची ही रचना १९३० मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने मांडली आणि माँटमोरिलोनाइटची रचना १९३३ मध्ये जर्मन संशोधकांनी मांडली.

विटेचे थोडक्यात सांगतो. ऊन किंवा शेकोटीच्या धगीने फक्त थरांमधले पाणी जाते. ते परत येऊ शकते, म्हणून कच्ची वीट पावसात पुन्हा चिखल होते. भट्टीत ६०० ते ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास मात्र थराच्या रचनेतील हायड्रॉक्सिल गटच पाण्याच्या रूपाने निघून जातात आणि थरांची मूळ घडण मोडते. ९०० अंशांच्या पुढे मातीचा काही भाग वितळून काचेसारखा होतो, नवी खनिजे तयार होतात आणि कण एकमेकांना सांधले जातात. मग फुगायला थरच उरत नाहीत. निव्वळ काळ्या मातीची वीट वाळतानाच तडकते, म्हणून आपल्याकडचे वीटवाले तिच्यात राख मिसळतात. पारसच्या किंवा कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्रांतून निघणाऱ्या राखेचे कण फुगत नाहीत आणि आक्रसतही नाहीत, हे तिच्या उपयोगाचे एक कारण आहे.

जिप्समचा प्रश्न मृदाशास्त्राच्या कोणीतरी हाती घ्यावा.

चुनखडी

मास्तरांनी पाया घालून दिला आहे, तेव्हा पुढचे मी सांगतो. माझा विषय मृदाशास्त्र आहे आणि खारपाणपट्ट्यातील जमिनींशी माझा रोजचा संबंध आहे.

प्रथम एक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. सोडियमच्या आयनाची त्रिज्या ०.१०२ नॅनोमीटर आहे आणि कॅल्शियमच्या आयनाची ०.१०० नॅनोमीटर. आकाराने दोघे जवळजवळ सारखेच आहेत. फरक प्रभाराचा आहे: सोडियमवर एक, कॅल्शियमवर दोन. आपल्या जमिनीचे भले-बुरे या एका फरकावर किती अवलंबून आहे, हे अनेकांना खरे वाटत नाही.

दुहेरी प्रभाराचा कॅल्शियम वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही थरांना एकाच वेळी धरून ठेवतो. त्यामुळे कॅल्शियमयुक्त माँटमोरिलोनाइट फुगते, पण थरांचे अंतर सुमारे १.९ नॅनोमीटरपर्यंत गेले की थांबते. थर एकत्र राहतात, कणांचे पुंजके टिकतात, पुंजक्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी आणि हवा खेळते आणि पाऊस उघडल्यावर वाफसा येतो. थरांमध्ये सोडियमचे प्रमाण वाढले की ही पकड सुटते. सोडियमचे आयन पाण्यात थरांपासून लांब पांगतात, पाणी मागोमाग आत ओढले जाते, आणि पाण्यात क्षार कमी असतील तर अंतर ४ नॅनोमीटरच्या पुढे जाऊन शेवटी थर एकमेकांपासून पूर्णपणे सुटतात. असे सुटे, अतिसूक्ष्म पापुद्रे पोकळ्यांमध्ये जाऊन बसतात व त्या बुजवतात. पाणी वर साचून राहते, खाली मुरत नाही, आणि वाळल्यावर वरचा थर फरशीसारखा कडक होतो. चोपण जमीन म्हणतात ती हीच. येथे एक विचित्र गोष्ट घडते. विहिरीच्या खाऱ्या पाण्याने जमिनीत सोडियम भरतो, पण त्या पाण्यातील क्षारांमुळेच कण काही काळ एकत्रही राहतात. खरी दुर्दशा दिसते ती त्यावर पावसाचे गोडे पाणी पडल्यावर. जून-जुलैत जमीन अचानक चिबडल्यासारखी होते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

विनिमययोग्य सोडियमचे, म्हणजे थरांनी धरून ठेवलेल्या एकूण धन आयनांतील सोडियमचे, प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेले की जमीन चोपण समजावी, असा निकष १९५४ पासून जगभर वापरला जातो. तो अमेरिकेत ठरलेला आहे. आपल्या फुगणाऱ्या काळ्या जमिनींचा निचरा त्याच्या बऱ्याच आधी बिघडतो, म्हणून अहवालात १० टक्के दिसले तर निश्चिंत राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता चुनखडीच्या खड्यांविषयी. जमिनीत कॅल्शियम असणे आणि ते आयनाच्या रूपात पाण्यात उपलब्ध असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चुनखडीत कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचे आयन स्फटिकात घट्ट बांधलेले असतात. शुद्ध पाण्याच्या एका लिटरमध्ये ती १५ मिलिग्रॅमसुद्धा धड विरघळत नाही आणि सामू (pH) ८.५ च्या आसपास असलेल्या जमिनीतही तिच्याकडून फारशी आशा नसते. जिप्समच्या स्फटिकात कॅल्शियम-सल्फेटच्या थरांमध्ये पाण्याचे थर असतात आणि ते हायड्रोजन बंधांनी सांधलेले असतात. नखाने ओरखडा उठावा इतका हा पदार्थ मऊ असतो आणि लिटरभर पाण्यात तो दोन ग्रॅमहून अधिक विरघळतो. म्हणजे जिप्सममधून कॅल्शियमचे आयन चुनखडीच्या शंभर पटींहून अधिक प्रमाणात मोकळे होतात. ते मातीच्या थरांमध्ये शिरून सोडियमला बाहेर काढतात आणि सोडियम सल्फेट तयार होते.

हे सोडियम सल्फेट पावसाच्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली वाहून गेले तरच उपयोग आहे. चर काढलेला नाही, बांधाला पाणी अडून राहते आणि जिप्सम मात्र पोत्यांनी टाकले, असे मी अनेकदा पाहतो. तो खर्च वाया जातो. मात्रेचा अंदाज असा करता येईल: एक किलो मातीतून एक सेंटिमोल (मोलचा शंभरावा भाग) सोडियम काढण्यास ०.८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम लागते. एका हेक्टरवरील वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन सुमारे २१ लाख किलो धरले तर हिशेब १.८ टनांच्या आसपास येतो. मृद परीक्षण न करता शेजाऱ्याने टाकले तेवढे टाकणे मला योग्य वाटत नाही.

शेतातील चुनखडीही अगदी निरुपयोगी नाही. ढैंचा किंवा बोरू पेरून फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडला तर तो कुजताना कार्बन डायऑक्साइड व सेंद्रिय आम्ले निर्माण होतात आणि त्यांमुळे चुनखडी थोडी थोडी विरघळू लागते. हा मार्ग संथ आहे, पण यात कॅल्शियम विकत घ्यावे लागत नाही.

धाब्याचे घर (बुलडाणा जिल्हा)

चर्चा वाचून एक जुनी गोष्ट विचारावीशी वाटली. आमच्याकडे धाब्याच्या घरांवर पावसाळ्यापूर्वी खारी माती पसरत असत. शेतात जिच्यामुळे पीक येत नाही ती माती छपरावर टाकली की घर गळत नाही, असा जुन्या माणसांचा अनुभव होता. याचाही संबंध सोडियमशी आहे काय? आणि काळी माती काळी असते ती सेंद्रिय कर्बामुळेच ना?

चुनखडी

संबंध थेट आहे. छपरावर पहिला पाऊस पडला की सोडियमयुक्त मातीचे पापुद्रे सुटतात, फटींमध्ये जाऊन बसतात आणि त्या बंद करतात. शेतात पिकाला ज्या पोकळ्या हव्या असतात, त्या छपरावर नको असतात, एवढाच काय तो फरक. खारपाणपट्ट्यातील शेततळ्यांत प्लास्टिकच्या अस्तराशिवायही पाणी टिकते, त्यामागेही हीच गोष्ट आहे.

रंगाविषयीची समजूत मात्र अर्धीच बरोबर आहे; काळा रंग म्हणजे भरपूर सेंद्रिय कर्ब असे नाही. आपल्या काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा एक टक्क्यापेक्षाही कमी असतो. जो थोडा असतो तो चिकणमातीच्या कणांशी घट्ट निगडित असल्याने गडद रंग देतो. रंग पाहून जमीन सकस ठरवू नये.

बांधकामवाला

घर बांधणाऱ्यांसाठी थोडेसे. काळ्या जमिनीत भिंतींना तिरक्या भेगा पडतात त्या पायाखालची माती कडेला जास्त आणि मध्ये कमी सुकते-भिजते म्हणून. खोल काळ्या मातीत साडेतीन मीटरपर्यंत ओलावा ऋतूप्रमाणे बदलतो असे धरून चालतात, म्हणून खालच्या टोकाला फुगीर बुंधा असलेले खांब त्याच्याही खाली नेतात. रस्त्याखाली या मातीत चुना मिसळतात. चुन्यातील कॅल्शियम आधी सोडियमची जागा घेतो. नंतर चुन्यामुळे सामू १२ च्या वर गेल्याने मातीतील थोडे सिलिका व ॲल्युमिना विरघळतात आणि त्यांच्यापासून सिमेंटमध्ये असतात तशी बांधून ठेवणारी संयुगे तयार होतात. जिप्सम येथे चालत नाही; सल्फेट आणि चुना एकत्र आले की कालांतराने फुगणारे वेगळेच स्फटिक तयार होतात आणि रस्ता उचलला जातो.

पूर्णाकाठ

आपणा सर्वांचे आभार. पुतणीला मास्तरांचे उत्तर वाचून दाखवले. तिचा प्रश्न असा आहे की, माती चोपण आहे की नाही हे प्रयोगशाळेत न जाता घरी पाहता येईल काय?

रसायनाचा मास्तर

नक्की पाहता येईल, आणि तिने ते अवश्य करावे. काचेच्या पेल्यात पावसाचे साठवलेले पाणी घ्यावे. विहिरीचे चालणार नाही, कारण त्यातील क्षार कणांना एकत्र ठेवतील आणि निष्कर्ष चुकेल. शेतातले वाळलेले, वाटाण्याएवढे ढेकूळ त्यात अलगद सोडावे आणि पेला अजिबात न हलवता काही तास ठेवावा. ढेकूळ बहुधा पाण्यात ढासळेल. ढासळण्यावरून काही ठरवू नये, कारण चांगली मातीही ढासळते. पाहायचे आहे ते त्याच्याभोवतीचे पाणी. ते स्वच्छ राहिले तर कण पुंजक्यातच आहेत. ढेकळाच्या कडेने दुधाळ वलय पसरू लागले तर थर सुटत आहेत आणि सोडियमचे प्रमाण जास्त आहे, असे समजावे. ही परीक्षा मृदाशास्त्रज्ञ एमर्सन यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केली.

त्यानंतर गढूळ झालेल्या पेल्यात चिमूटभर जिप्सम घालून एकदाच ढवळावे आणि शेजारी जिप्सम न घातलेला तसाच गढूळ पेला ढवळून ठेवावा. पहिल्या पेल्यात कण एकमेकांना धरून तळाशी बसू लागतील आणि दुसरा बराच काळ गढूळ राहील. शेताच्या वरच्या थरातले एक आणि फूटभर खालचे एक अशी दोन ढेकळे वेगवेगळ्या पेल्यांत पाहिली तर सोडियम कोठे साचला आहे, याचाही अंदाज येईल. परंतु जिप्समची मात्रा या पेल्यावरून ठरवू नका. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागेल.

चुनखडी

खालचे ढेकूळ पाहण्याची सूचना महत्त्वाची आहे. पूर्णेच्या खोऱ्यात पुष्कळ ठिकाणी वरचा थर बरा दिसतो आणि बिघाड खाली असतो. नमुना देताना वरचा व खालचा वेगवेगळ्या पिशव्यांत भरून द्या आणि विनिमययोग्य सोडियमची तपासणी हवी असे अर्जावर स्पष्ट लिहा, कारण नेहमीच्या तपासणीत सामू, क्षारता आणि अन्नद्रव्येच पाहिली जातात.